आश्रितांची कविता : मोरोपंत, तेइका आणि आम्ही

मराठीत कवीला 'दरबारी' हे विशेषण लावले की त्याची निम्मी किंमत तिथेच उतरते. संत लोकांचा, शाहीर फडावरचा आणि पंत कोणाच्या तरी वाड्यातला, अशी एक ढोबळ वाटणी आपल्या मनात पक्की बसलेली आहे. या वाटणीत पंताच्या वाट्याला विद्वत्ता येते, मान येतो, आणि वाचक मात्र येत नाही. मोरोपंत हे या दुर्दैवाचे सर्वांत मोठे उदाहरण. त्यांच्या नावावर पाऊण लाखाच्या आसपास कविता मोजली जाते. मध्ययुगीन मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक इतिहासात त्यांना स्वतंत्र प्रकरण असते. तरीही मराठी विषय घेऊन पदवीधर झालेल्या किती जणांनी परीक्षेच्या बाहेर त्यांची एक आर्या मोठ्याने म्हटली असेल, हा प्रश्न विचारण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

आम्ही ज्या भागात राहतो आणि शिकवतो तिथे हा प्रश्न आणखी टोकदार होतो. उरुण-इस्लामपूर हे आमचे गाव. त्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. तालुका वाळवा. याच तालुक्यातील वाटेगावात १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. सातारा आणि सांगलीच्या याच पट्ट्यात १९४२च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. आमच्या वर्गात बसणारी मुले उसाच्या रानातून, कारखान्याच्या वसाहतीतून, कधी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून येतात. अण्णा भाऊंचे नाव घेतले की त्यांची मान ताठ होते. मोरोपंतांचे नाव घेतले की ती वही उघडून टीप उतरवून घ्यायला बसतात. आणि दर दोन-तीन वर्षांनी कोणी तरी विद्यार्थी तो प्रश्न विचारतोच : सावकाराच्या वाड्यात बसून पुराणे लिहिणारा हा माणूस आमचा कोण?

प्रश्न उद्धट नाही. तो रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. 'अभिजात आहे म्हणून वाचा' हे उत्तर होऊ शकत नाही, कारण अभिजात कशाला म्हणावे हे ज्यांनी ठरविले त्यांच्याविषयीच तर मुलांची शंका आहे. पुढील मजकूर म्हणजे त्या उत्तराची जुळवाजुळव आहे.

प्रथम माणूस पाहू. मोरेश्वर रामाजी पराडकर, म्हणजे मोरोपंत, १७२९ साली पन्हाळगडावर जन्मले. घराणे मूळचे कोकणातील सौंदळचे. इस्लामपूरहून वारणा ओलांडून कोडोलीमार्गे निघाले की तास-दीड तासात आपण पन्हाळ्यावर पोहोचतो. म्हणजे भूगोलाच्या हिशेबाने पंत आमचे शेजारी. पण त्यांच्या बालपणी ही वारणा केवळ नदी राहिली नव्हती. १७३१ साली साताऱ्याचे शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज यांच्यात जो तह झाला त्याला वारणेचेच नाव आहे, आणि त्या तहाने ही नदी दोन राज्यांची सरहद्द ठरली. पंत तेव्हा दोन वर्षांचे होते. करवीरकरांचा कारभार पन्हाळ्यावरून चालत होता. गडावरच केशव आणि गणेश या पाध्ये बंधूंकडे पंतांचे काव्य, व्याकरण, अलंकार यांचे शिक्षण झाले. पुढे विशीत असताना ते वारणेच्या अलीकडे, पेशवाईच्या मुलखात बारामतीला आले आणि बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाला राहिले. मृत्यूपर्यंत, म्हणजे १७९४पर्यंत, बारामती हेच त्यांचे घर.

नाईक हे मोठे सावकार. पेशव्यांना कर्ज देणारे घराणे, आणि सोयरेही. बाबूजींचे बंधू आबाजी यांना पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई दिलेली होती. कऱ्हेच्या काठचा त्यांचा वाडा आजही बारामतीत दाखवितात. आज बारामती म्हटले की लोकांना राजकारण आठवते, परंतु अठराव्या शतकात तेथे रोज ठरल्या वेळी एक पुराणिक ग्रंथ उघडून बसत असे. पंतांचे काम ते होते. संस्कृत मूळ वाचायचे, त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, श्रोत्यांच्या शंका फेडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय. 'राजकवी' या शब्दाने जे चित्र उभे राहते, सिंहासनासमोर स्तुतिपाठ आणि बदल्यात मोहरांची थैली, ते या माणसाला लागू पडत नाही. तो नोकरीपेशातला माणूस होता. भारत, भागवत, रामायण हे त्याचे रोजचे काम होते, आणि त्या कामातूनच 'आर्याभारत' झाले, 'मंत्रभागवत' झाले, परंपरा ज्यांची संख्या एकशे आठ सांगते ती रामायणे झाली. शिक्षकाला ही अवस्था चटकन कळावी. तोच पाठ वर्षानुवर्षे शिकवायचा आणि तरी त्यात आपला जीव रमवायचा, तर काही तरी नवी युक्ती शोधावीच लागते.

आता थोडे दूर जाऊ. दरबारी कवी हा काय प्रकार असतो, हे आपल्याच अंगणात उभे राहून नीट दिसत नाही, कारण इथे जात, पेशवाई, ब्राह्मणी विद्या हे सगळे एकदम समोर येते. म्हणून आम्ही काही वर्षांपूर्वी इंग्रजी अनुवादांच्या आधाराने एका परक्या दरबारी कवीकडे वळलो. फुजिवारा नो तेइका हे त्याचे नाव, काळ ११६२ ते १२४१, गाव क्योतो. मोरोपंत आणि तेइका यांच्यात सहा शतके आणि अर्धा खंड आहे. एकाचे लेखन पाऊण लाख, दुसऱ्याचा काव्यप्रकार एकतीस अक्षरांचा, पाच-सात-पाच-सात-सात असा. तुलना ओढूनताणून करायची नाही. पण एक कवी दुसऱ्यावर उजेड पाडतो, एवढे निश्चित.

तेइकाचा बाप शुन्झेइ हा स्वतः मोठा कवी आणि ११८८च्या राजाज्ञेने झालेल्या संग्रहाचा संपादक. म्हणजे कविता हा घरचा धंदा. धंदा म्हटला की बढत्या आल्या, हेवेदावे आले. तेइकाने पन्नासहून अधिक वर्षे चिनी भाषेत रोजनिशी लिहिली. 'मेइगेत्सुकी' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत काव्यचर्चेपेक्षा हुद्दा मिळत नसल्याच्या, आजारपणाच्या, तंगीच्या तक्रारीच अधिक. ११८५ साली त्याने राजवाड्यात एका सहकारी दरबाऱ्याला दिव्याने मारले आणि तो निलंबित झाला; म्हाताऱ्या बापाने रदबदली केली तेव्हा त्याला परत घेतले. माजी सम्राट गो-तोबा याने त्याची पारख केली आणि १२०५ साली पूर्ण झालेल्या 'शिनकोकिनशू' या संग्रहाच्या संपादकांत त्याला घेतले. दोघेही हट्टी. १२२० साली एका कवितेवरून गो-तोबाची अशी मर्जी खप्पा झाली की तेइकाला दरबारच्या काव्यसभा बंद झाल्या. दुसऱ्याच वर्षी गो-तोबाने कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध उठाव केला, तो हरला आणि ओकी बेटावर हद्दपार झाला. १२३९ साली तो तेथेच वारला. ज्याची मर्जी गेली होती तो कवी मात्र मागे राहून मोठ्या पदाला चढला.

येथे आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो. ११८० साली जपानात यादवी युद्ध पेटले तेव्हा एकोणिसाव्या वर्षात असलेल्या तेइकाने रोजनिशीत नोंद केली की या मोहिमा आणि लाल निशाणे यांच्याशी आपले काही देणेघेणे नाही. शब्द त्याने एका जुन्या चिनी कवीवरून बेतले होते. पुढे या नोंदीवर वाद झाला : ही कलावंताची निष्ठा, की सुरक्षित घरात बसलेल्या तरुणाची बेपर्वाई? मोरोपंतांनी अशी नोंद केलेली नाही, परंतु त्यांच्या प्रमुख काव्यांचा विषय पाहिला तर तीच गोष्ट दिसते. १७६१ साली पानिपत झाले तेव्हा पंत ऐन तिशीत होते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. पंत भारत सांगत राहिले, रामायण सांगत राहिले.

या मौनाचे समर्थन करावे असे आम्हांस वाटत नाही. अण्णा भाऊंच्या तालुक्यात राहून ते करताही येणार नाही. परंतु त्याचा अर्थ लावताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या पिढीत पानिपतावर माणूस न गमावलेली सरदार-कारकुनांची घरे थोडीच असतील. अशा श्रोत्यांपुढे स्त्रीपर्वातला विलाप मराठीत सांगताना सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात काय येत असेल? हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. तरी पुराण ही तेव्हा आजच्या जगाची गोष्ट सांगण्याची एक मान्य रीत होती, हे विसरले तर आपण मौन मोजताना चूक करू.

दुसरा आरोप कसरतीचा. मोरोपंतांवर हा आरोप सर्वाधिक झाला. 'निरोष्ठ रामायण' म्हणजे ज्यात ओठ मिटणारे अक्षर यायचे नाही असे रामायण. एका रामायणात 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र गुंफलेला, दुसऱ्यात आणखी काही बंधन. आधुनिक वाचक कपाळाला हात लावतो. आमच्याही वर्गात या नावांवर हशा पिकतो. पण एक दिवस निरोष्ठाचा नियम फळ्यावर लिहून आम्ही मुलांना विचारले की या नियमाने कोणते शब्द बाद होतील. यादी वाढत गेली आणि मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, यात राम म्हणताच येणार नाही." वर्ग शांत झाला. 'म' हे ओठांचे अक्षर. ज्याची कथा सांगायची त्याचेच नाव घ्यायचे नाही, आणि मयूर ही आपली नाममुद्राही घालायची नाही. रघूचा, दशरथाचा, सीतेचा, असा आडून आडून त्याच्याकडे निर्देश करायचा. संस्कृतात दंडीने 'दशकुमारचरिता'च्या एका उच्छ्वासात असाच ओष्ठ्य वर्ण टाळला आहे. पण तेथे निवेदकाचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखत आहेत असे गमतीचे कारण दिलेले आहे. पंतांच्या बंधनाला असे कथेतले कारण नाही. ते त्यांनी आपणहून घातले. अशा ठिकाणी कसरत आणि भक्ती यांच्यातली रेघ आम्हांस तरी स्पष्ट आखता येत नाही.

तेइकाच्या कवितेतही कारागिरी कमी नाही. जुन्या प्रसिद्ध कवितेतली एखाद-दोन ओळींची शब्दकळा घेऊन तिच्यावर नवी कविता उभारायची, हे त्याचे आवडते तंत्र. त्याचे नियमही त्याने लिहून ठेवले. जपानी कवितेत एकाच ध्वनीचे दोन अर्थ एकाच वेळी चालविण्याची रीत आहे. 'मात्सु' म्हणजे पाइनचे झाड आणि 'मात्सु' म्हणजेच वाट पाहणे. ऐकणाऱ्याला आधी समुद्रकाठचे झाड दिसते आणि क्षणभराने वाट पाहणारी बाई. मोरोपंतांच्या यमकाचे काम नेमके असेच चालते. तेच अक्षरसमूह दोनदा येतात. दुसऱ्या वेळी शब्द वेगळ्या जागी तोडावे लागतात आणि अर्थ पालटतो. डोळ्यांनी वाचले तर हे कोडे वाटते आणि कोड्याचा कंटाळा येतो. कानांनी ऐकले तर त्यात एक छोटा विलंब असतो, आणि तो विलंब संपताना श्रोता हसतो. पुराणिकाला श्रोता जागा ठेवायचा असतो, हेही विसरू नये.

म्हणजे मुद्दा कानाचा आहे. मोरोपंतांची बहुसंख्य 'आर्या' ही खरे तर गीती : पहिल्या पादात बारा मात्रा, दुसऱ्यात अठरा, तिसऱ्यात पुन्हा बारा, चौथ्यात पुन्हा अठरा. खऱ्या आर्येत चौथा पाद पंधरा मात्रांचा असतो. विद्यार्थी हे परीक्षेत बिनचूक लिहितो. मात्र त्याला तीच आर्या म्हणायला सांगा, तो गद्यासारखी वाचतो, आणि बारानंतरचा विसावा त्याला सापडत नाही. तो दोष त्याचा नाही. मात्रा मोजायला आम्ही शिकविले, म्हणायला शिकविले नाही, कारण प्रश्नपत्रिकेत म्हणण्याला गुण नाहीत.

आता वारशाकडे येऊ. कवी आश्रयावर जगतो, परंतु त्याची कविता आश्रयावर जगत नाही. आश्रयदाता जातो, राज्य जाते. मग कविता कोणाच्या जिवावर राहते? तेइकाच्या बाबतीत उत्तर आहे : नकलणाऱ्या हातांच्या. त्यातला पहिला हात त्याचा स्वतःचा. उतारवयात दृष्टी आणि प्रकृती अधू झालेली असताना त्याने जुने ग्रंथ नकलून काढले. 'कोकिनशू', 'इसे'च्या कथा, 'गेंजी'. 'तोसा' रोजनिशीची नक्कल त्याने १२३५ साली मूळ लेखकाच्या हस्ताक्षरावरून केली. आज 'गेंजी'ची जी संहिता प्रमाण म्हणून वाचली जाते ती त्याच्या निळ्या वेष्टनाच्या परंपरेतली, आणि त्या परंपरेतले त्याच्या वेळचे एक प्रकरण अगदी अलीकडे, २०१९ साली, एका जुन्या सरदार घराण्याच्या संग्रहात सापडले. तेइकाच्या नातवंडांत वारशावरून भांडणे झाली, घराण्याच्या तीन शाखा झाल्या, दोन बुडाल्या. तिसरी रेइझेइ शाखा क्योतोच्या राजवाड्याशेजारी आजही नांदते, आणि तिच्या कोठारात ती रोजनिशी आहे. त्यासाठी १९८१ साली रीतसर संस्था स्थापन झाली. ज्या रोजनिशीत बढतीच्या तक्रारी होत्या, तीतच १०५४ साली आकाशात दिसलेल्या पाहुण्या ताऱ्याचीही नोंद त्याने जुन्या दप्तरांवरून उतरवून ठेवली होती. आज खगोलशास्त्रज्ञ तिचा आधार घेतात. नकलणाऱ्याच्या हातून भविष्यावर असे अनपेक्षित उपकार होतात.

पण जपानातला सामान्य माणूस तेइकाला ओळखतो ते कोठारामुळे नव्हे. शंभर कवींची प्रत्येकी एक कविता, असा जो 'ह्याकुनिन इश्शू' हा संग्रह परंपरेने तेइकाच्या नावावर आहे, त्याचा पुढे पत्त्यांचा खेळ झाला. नववर्षाच्या दिवसांत तो घरोघर खेळतात. वाचणारा कवितेचा पूर्वार्ध म्हणू लागतो आणि खेळणाऱ्याने उत्तरार्धाचा पत्ता झडप घालून उचलायचा. सात कविता अशा आहेत की पहिल्या अक्षरावरच ओळखता येतात. १९०४ साली या खेळाच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या. शाळकरी मुले शंभर कविता पाठ करतात. अर्थ नंतर कळतो, काहींना कधीच कळत नाही. प्रचलित संग्रहात नव्व्याण्णवावा कवी गो-तोबा आहे आणि शंभरावा त्याचा मुलगा, तोही हद्दपार झालेला सम्राट. १२३५च्या सरकारी संग्रहातून नव्या सत्तेच्या भयाने या बापलेकांच्या कविता गाळाव्या लागल्या होत्या. खेळात त्यांना शेवटची, मानाची जागा मिळाली. राजदप्तरात जे टिकले नाही ते मुलांच्या हातात टिकले.

आमच्याकडेही खेळ होता. भेंड्या. समोरच्याच्या श्लोकाचे शेवटचे अक्षर घेऊन आपण नवा श्लोक म्हणायचा. तिकडे कवितेचा आरंभ ओळखावा लागतो, इकडे तिचा शेवट पकडावा लागतो. आज सिनेमाची गाणी घेऊन जे चालते त्याच्या आधी ती जागा आर्यांची आणि श्लोकांची होती. समोरच्याला 'ठ'वर नाही तर 'ढ'वर आणून सोडायचे, ही त्यातली लढाई. हजारोंनी कविता लिहिणारा मोरोपंत या खेळातला दारूगोळा होता. ज्या बायकांना शाळा मिळाली नाही त्यांच्याही तोंडी या खेळाने आर्या आल्या. छापखान्याने दुसरा आधार दिला. परशुरामपंत गोडबोल्यांच्या 'नवनीत'ने १८५४ साली पंतांना शाळेत आणले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांची बाजू लढविली. वामन दाजी ओकांनी 'काव्यसंग्रहा'त, पुढे रा. द. पराडकरांनी समग्र ग्रंथांत त्यांची कविता आणली; ल. रा. पांगारकरांनी १९०८ साली त्यांचे चरित्र लिहिले. आमच्या हाती कोठार आले, खेळ मात्र सुटला. आज पंतांचे ग्रंथ पाहिजे असतील तर मिळतात. म्हणणारा पाहिजे असेल तर शोधावा लागतो.

आमचा विद्यार्थी येथे थांबवून म्हणेल की भेंड्या कोणाच्या ओसरीवर चालत होत्या? खरे आहे. त्या ओसरीवर त्याच्या पणजोबाला जागा नव्हती. वाड्यातल्या पुराणालाही श्रोता ठरलेला होता. हे झाकून मोरोपंतांचा गौरव करणे खोटेपणाचे होईल. तरीही कविता वाड्याच्या भिंतीत राहिली नाही, याची साक्ष देणारा एक माणूस आहे. सोलापूरचे शाहीर राम जोशी, १७६२ ते १८१२. लावणीचे रसिले कवी, तमाशाच्या फडातले. मोरोपंतांच्या सांगण्यावरून ते कीर्तनाकडे वळले अशी कथा सांगतात. कथेचे तपशील बाजूला ठेवले तरी राम जोशांनी कीर्तनातून पंतांच्या आर्या गाजविल्या, ही गोष्ट उरते. डफावर सरावलेल्या गळ्याने ती गीती म्हटली तेव्हा ती देवळाच्या मंडपात, जत्रेच्या गर्दीत गेली. वाड्यातल्या पंताला लोकांपर्यंत नेणारा माणूस फडावरचा होता. मघाशी म्हटलेली ती ढोबळ वाटणी राम जोशांपाशी मोडते.

आणि याच सूत्राने अण्णा भाऊही पाहता येतात. 'फकिरा' १९५९ची, तिला शासनाचा पुरस्कार मिळाला, ती अभ्यासक्रमात आली. पण १९४४ साली उभारलेल्या लाल बावटा कलापथकातून त्यांनी जे पोवाडे, ज्या छक्कडी म्हटल्या, त्या आमच्या भागातल्या माणसांना पुस्तकातून माहीत नाहीत. 'माझी मैना' त्यांना कानाने माहीत आहे. शाळेत जेमतेम गेलेल्या या माणसाची आणि पाध्ये गुरुजींकडे अलंकारशास्त्र शिकलेल्या पंतांची जात, बाजू, जग सगळे वेगळे. त्यांना एका पंगतीत बसविण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु दोघांचीही कविता म्हणण्यासाठी केलेली आहे, आणि दोघांनाही आज एकच धोका आहे : पाठ्यपुस्तकात सन्मानाने मिटून जाण्याचा. उद्या अण्णा भाऊंवरही टिपा उतरवून घेणारी पिढी येईल. तेव्हा मोरोपंतांच्या बाबतीत आपण काय गमावले ते आजच नीट समजून घेतलेले बरे.

म्हणून त्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. मोरोपंत तुमचे पूर्वज आहेत असे आम्ही म्हणणार नाही. ते तुमच्या भाषेतले कारागीर आहेत, एवढेच म्हणू. संस्कृतातल्या प्रचंड ग्रंथांना रोजच्या श्रोत्यापुढे मराठीत उभे करताना त्यांनी या भाषेची लवचीकता कुठवर ताणता येते ते तपासले. काही ठिकाणी ती ताणून तुटलीही. ती हत्यारे त्यांच्याबरोबर पुरली गेलेली नाहीत. ती तुम्हांला उचलता येतील, आणि उचलण्यासाठी वाड्याची परवानगी लागत नाही.

आणि शेवटी 'केकावली'. केका म्हणजे मोराचा टाहो, आवली म्हणजे त्यांची माळ. पृथ्वी वृत्तातले शंभराहून अधिक श्लोक. ओळीला सतरा अक्षरे, आठव्यावर विसावा. जन्मभर व्यासाची, वाल्मीकीची गोष्ट सांगणाऱ्या माणसाने उतारवयात स्वतःच्या तोंडाने देवाकडे केलेली ही मागणी आहे. यमके येथेही आहेत, हात सहजासहजी सवय सोडत नाही. पण येथे श्रोता जागा ठेवायची धडपड नाही. समोर नाईक नाहीत, सभा नाही. आश्रयाची भाषा तेवढी राहिली आहे : तू मोठा, मी तुझ्या दारचा, मला टाकू नकोस. पोटासाठी आयुष्यभर जो संबंध जगला, त्याच संबंधाच्या शब्दांत पंत देवाशी बोलतात. दरबारी कवीची ही जागा संतकवीपेक्षा वेगळी आहे आणि तिच्यातली लाचारी व प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नोकरी करणाऱ्या, साहेबापुढे अर्ज घेऊन उभे राहिलेल्या कोणालाही ती परकी वाटू नये.

आमच्या अध्यापक मित्रांना एकच सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी पंतांचा पाठ आला की कालखंड, ग्रंथसंख्या, अलंकार हे दुसऱ्या तासाला ठेवा. पहिल्या तासाला केकावलीतले पाच श्लोक नुसते म्हणा, आठव्या अक्षरावर थांबा, मग मुलांना म्हणायला लावा. अर्थ विचारू नका. मुलांचे म्हणणे चुकेल, अडखळेल, कोणी हसेल. त्या अडखळण्यात जो कोणी एक जण दुसऱ्यांदा म्हणून पाहील, त्याच्यापुरता पंतांचा वारसा चालू राहिला असे समजावे.